सीझन संपल्यावर दिवाळी

माझ्या सासरी दिवाळी दिवाळीच्या दिवशी होत नाही, हे लग्न ठरताना मला कुणी सांगितलं नव्हतं. आकाशकंदील वेळेवर लागायचा, फराळ वेळेवर व्हायचा, पण पाडव्याची ओवाळणी आणि सगळ्यांनी मिळून बसायची पंगत मात्र तुळशीच्या लग्नाच्या आगेमागे कधीतरी. माझे सासरे, आमचे नाना, एसटीत डेपो मॅनेजर होते. दिवाळी हा त्यांच्या लेखी सण नव्हता, सीझन होता. गणपती हा सीझन, आषाढी हा सीझन, लग्नसराई तर मोठाच सीझन. जग ज्या दिवशी घरी जातं त्या दिवशी एसटीवाला घरी नसतो. गणित साधं आहे, पण ते घरात सून म्हणून आलेल्या मुलीला एकदम पचत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या पाडव्याला मी ताट, निरांजन, सुपारी सगळं मांडून बसले, तर सासूबाईंनी ताटावर दुसरं ताट पालथं घातलं आणि म्हणाल्या, "राहू दे. भाऊबीजेची परतीची गर्दी ओसरू दे, मग ओवाळू." मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. त्या निवांतपणे चकल्यांचा डबा खाली काढत होत्या.

नाना जाऊन आता बरेच महिने झाले. त्यांच्याबद्दल बोलताना जो तो 'कुटुंबवत्सल' म्हणतो. शब्द चुकीचा नाही, पण गुळगुळीत आहे. त्यातून डोळ्यांसमोर जो माणूस येतो, नातवंडांना मांडीवर घेऊन झोपाळ्यावर बसलेला, तो आमचे नाना नव्हते. आमच्याकडे झोपाळाही नव्हता.

त्यांची जन्मतारीख १ जून १९४३. खरी नव्हे, शाळेच्या दाखल्यावरची. पोरगं शाळेत घालताना गुरुजींनी अंदाजानं १ जून टाकून द्यायचा तो काळ. त्या पिढीतले गावोगावचे कितीतरी लोक कागदोपत्री एकाच दिवशी जन्मले आहेत. योगायोग असा की एसटीची पहिली गाडी नगर-पुणे रस्त्यावर धावली तीही १ जूनलाच, १९४८ साली. नानांना याचं भारी कौतुक. "मी थोरला, ती पाच वर्षांनी धाकटी," म्हणायचे. वाढदिवस म्हणून घरात कधी काही केलं नाही. १ जूनला स्टँडवर तोरणं लागतात, गाड्यांना हार घालतात, ते बघून यायचे आणि त्यातच आपलंही उरकलं असं धरायचे.

पाटण तालुक्यातल्या एका डोंगरी गावचा हा माणूस १९६५ साली वाहक म्हणून लागला. खात्याच्या परीक्षा देत देत नियंत्रक झाला, निरीक्षक झाला आणि शेवटी आगार व्यवस्थापक. कराड, पाटण, चिपळूण, पंढरपूर अशा बदल्या. प्रत्येक बदलीत घर स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर घ्यायचं, हा एकच निकष. घरात पाणी येतं का, उजेड आहे का, हे नंतर. माझ्या नवऱ्याची आणि दिराची शाळा इतक्या वेळा बदलली की दोघांनाही आपला वर्ग कुठल्या गावातला होता हे आठवायला आधी तिथला स्टँड आठवावा लागतो.

मला बघायला आले तेव्हाची गोष्ट आमच्याकडे अजून रंगवून सांगतात. पोहे झाले, चहा झाला, शिक्षण काय, स्वयंपाक येतो का हे आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, विचारून झालं. नाना गप्प. माझ्या वडिलांना वाटलं, मुलगी पसंत नाही. तेवढ्यात नानांनी खिशातून डायरी काढली आणि विचारलं, "तुमच्या गावाला मुक्कामी गाडी येते का?"

"येते की."

"किती वाजता? सकाळी किती वाजता निघते?"

वडिलांनी सांगितलं. नानांनी लिहून घेतलं. मग फाट्यापासून गाव किती लांब, पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं तर गाडी अलीकडे थांबते का, हेही विचारलं. माणसं गेल्यावर माझी आजी म्हणाली, "पोरगी बघायला आलते का रस्ता बघायला?" नंतर कळलं, सुनेला माहेरी एकटीनं जाता-येता येईल की नाही हे ते बघत होते. पण तोंडानं तसं सांगतील तर ते नाना कसले.

त्यांच्या त्या डायरीत माझं पान होतं. लग्नाच्या आधीच उघडलेलं. त्यावर माझं नाव, रक्तगट, माहेरच्या गाडीची वेळ आणि चपलेचा नंबर. चपलेचा नंबर त्यांनी आईंकरवी मागवला होता, कारण कोल्हापूरला कामाला गेले की ते घरातल्या सगळ्यांच्या चपला एकदम आणायचे. आत्या, मावश्या, भाचे, पुतण्या, सगळ्यांचे नंबर त्या डायरीत. पोरांच्या वाढत्या पायांप्रमाणे जुना नंबर एका रेघेनं खोडून शेजारी नवा लिहिलेला, खाली तारीख. खाडाखोड कधी नाही. मी घरात आले त्या आठवड्यात ते माझ्याशी दोनच वाक्यं बोलले असतील, पण उंबऱ्याच्या आत माझ्या मापाची कोल्हापुरी जोडी ठेवलेली होती. तेल पाजलेली, म्हणजे चावू नये म्हणून.

आता थोडं त्यांच्या कामाबद्दल सांगायला हवं, कारण त्याशिवाय हा माणूस कळत नाही.

डेपो बाहेरून दिसतो तो फलाट, ध्वनिक्षेपक आणि वडापाव. आत सगळा कागद असतो. रोज इतकी शेड्युलं, म्हणजे गाड्यांच्या ठरलेल्या फेऱ्या, बाहेर काढायची, त्याला इतके चालक, इतके वाहक, कुणाची रजा, कुणाची साप्ताहिक सुट्टी, कुठली गाडी दुरुस्तीला. रात्री हिशेब: किती किलोमीटर झाले, किती रद्द झाले, डिझेल किती गेलं. एसटीत सरासरी एका लिटरवर नाही, दहा लिटरवर काढतात. आणि भारमान. म्हणजे गाडीच्या क्षमतेच्या मानानं भरली किती. नानांच्या बोलण्यात भारमान इतक्या वेळा यायचं की माझ्या मुलीनं शाळेत भाताच्या डब्याबद्दल 'आज भारमान कमी आहे' असं सांगितलं होतं.

याच भारमानानं माझ्या माहेरचा घात केला. लग्नानंतर दोन वर्षांनी नानांची बदली नेमकी माझं माहेर ज्या डेपोत येतं तिथे झाली. गावात आनंदीआनंद. व्याही डेपो मॅनेजर, म्हणजे आता दर तासाला गाडी! सरपंच वडिलांना येऊन भेटले. नानांनी आल्या आल्या आमच्या मार्गाची पाहणी लावली आणि महिन्याभरात गावाची दुपारची फेरी बंद केली. रिकामी धावत होती, भारमान नव्हतं. माझे वडील तसे शांत माणूस, पण त्या वर्षी संक्रांतीला माझ्या सासरी आले नाहीत. "व्याह्यानं गाडी काढून घेतली, आता तिळगूळ कशाला," म्हणाले. मी नानांवर धुसफुसत होते. मागून कळलं की तीच वाचलेली गाडी त्यांनी सकाळी कॉलेजच्या वेळेला लावली होती. पासवाल्या पोरी दाराला लोंबकळत जायच्या, त्यांना बसायला जागा झाली. वडिलांची धाकटी लेक, म्हणजे माझी बहीण, त्याच गाडीनं कॉलेजला गेली. तरी वडिलांनी दुपारच्या फेरीचं दुःख शेवटपर्यंत सोडलं नाही, आणि त्यांचंही चुकलं असं मला वाटत नाही. म्हाताऱ्या माणसाला दवाखान्याला जायला दुपारचीच गाडी लागते, आणि तो एकटाच असला तर त्याचं भारमान कोण धरणार?

नाना कडक होते. एका वाहकाचं प्रकरण घरात सगळ्यांना माहीत आहे, पण त्याबद्दल कुणी बोलायचं नाही. तपासणीत तिकिटांचा आणि पैशांचा मेळ लागला नाही. रक्कम मोठी नव्हती. नानांनी जो अहवाल पाठवायचा तो पाठवला. त्या माणसाचं पुढे काय झालं हे मला माहीत आहे, ते इथे लिहीत नाही. नाना त्याच्या गल्लीतून जायचे नाहीत, लांबच्या रस्त्यानं जायचे. आईंनी एकदा विचारलं, "नसता पाठवला तर?" नाना म्हणाले, "मग उद्याच्याचा कसा पाठवू?" आणि जेवण अर्धं टाकून उठले.

त्यांचा सगळ्यात लाडका विषय म्हणजे स्पेअर. जितकी शेड्युलं तितक्याच गाड्या आणि तितकीच माणसं ठेवली तर पहिल्याच पंक्चरला सगळा डोलारा बसतो. म्हणून एखाददुसरी गाडी आणि चार माणसं नुसती बसवून ठेवायची. बघणाऱ्याला वाटतं फुकटचा पगार खातात. हा नियम त्यांनी घरातल्या प्रत्येक कार्याला लावला. १९९५ साली आमच्या लग्नात त्यांनी फूलस्केप कागदावर तक्ता केला होता: कुठल्या गाडीनं कोण पाहुणे येणार, स्टँडवर कोण घ्यायला जाणार, जेवणाच्या पंगती किती, पाण्याचं पिंप कुणाकडे. आणि सगळ्यात खाली, लाल शाईत: स्पेअर. समोर एका पुतण्याचं नाव. त्या पुतण्यानं मांडवाच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून नुसतं बसायचं. वाढायचं नाही, नाचायचं नाही, गप्पा मारत लांब जायचं नाही. ऐन मुहूर्ताला भटजींची मोटारसायकल ओढ्याजवळ बंद पडली तेव्हा तो कोपऱ्यातला पुतण्या उठला आणि भटजींना घेऊन आला. तेव्हापासून आमच्या भावकीत कुठल्याही लग्नात स्पेअर कोण यावर आधी भांडण होतं. सगळ्यांनाच व्हायचं असतं. मान आहे, खुर्ची आहे आणि बहुतेक वेळा काम नाही.

मी आल्यानंतरच्या पावसाळ्यातली एक सकाळ मला स्पष्ट आठवते. आम्ही स्टँडमागच्या गल्लीत राहायचो, शेजारी एका वाहकाचं बिऱ्हाड. मुक्कामी गाडी संध्याकाळी डेपोतून निघते, रात्री एखाद्या आडगावात थांबते आणि पहाटे दूधवाले, शाळेची पोरं घेऊन परत येते. चालक-वाहक गाडीतच किंवा देवळात झोपतात. गावातून कुणीतरी भाकरी-कोरड्यास देतं. त्या गावांत तेव्हा फोन कुठला? म्हणजे संध्याकाळी गेलेली गाडी सुखरूप आहे हे डेपोला कळायचं ते ती सकाळी दिसल्यावरच. त्या दिवशी सकाळी साडेनऊ झाले, शेजारचा वाहक आला नव्हता. त्याची बायको दारात उभी. तेवढ्यात डेपोतला एक माणूस सायकलवरून आला, पाय टेकला आणि तिला म्हणाला, "वहिनी, ओढ्याला पाणी आहे. गाडी पलीकडे थांबली असेल. साहेबांनी सांगितलंय, दुपारपर्यंत वाट बघा, मग मी पुन्हा येतो." आणि पुढच्या गल्लीत, चालकाच्या घरी गेला. दुपारी एकला तो खरंच पुन्हा आला. तेव्हा सांगण्यासारखं नवीन काही नव्हतं, तरी आला. गाडी तीनला आली.

मी आईंना विचारलं, हे असं नेहमी करतात? त्या भाकरी थापत होत्या. "तासभर गाडी चुकली की माणूस घरी पाठवायचा. जिथे जिथे मॅनेजर होते तिथे तिथे. स्पेअरमधलाच एक." मग तव्यावरची भाकरी उलटून म्हणाल्या, "माझ्याकडे कुणी आलं नव्हतं."

११ डिसेंबर १९६७. कोयनेचा भूकंप. पहाटे साडेचारच्या आतच झाला. नाना तेव्हा वाहक होते आणि कोयना भागातल्या एका गावी मुक्कामाला होते. गाडीतच झोपले होते, म्हणून वाचले. शेजारच्या ज्या ओसरीवर एरवी झोपायचे ती ओसरी राहिली नाही. आई कराडला एका खोलीत. लग्नाला वर्ष झालेलं, पोटात माझा नवरा. कराडलाही जमीन हलली, भांडी पडली, लोक रस्त्यावर आले. उजाडल्यावर बातम्या येऊ लागल्या की कोयनानगर बसलं. आई स्टँडवर गेल्या. तिथे कुणाला काही माहीत नव्हतं आणि बाईमाणसाला काय सांगायचं हेही कुणाला सुचत नव्हतं. त्या फलाटावरच्या बाकावर बसून राहिल्या. संध्याकाळी गाडी आली ती जखमी माणसांनी भरलेली. दारात नाना उभे होते, अंगातला सदरा कुणाच्या तरी जखमेला बांधलेला, गळ्यात तिकिटांचा ट्रे तसाच. "पहिलं काय म्हणाले ठाऊक आहे?" आई मला म्हणाल्या. "म्हणाले, तू इथं काय करतेस, थंडी आहे."

मुक्कामी गाडीच्या वेळी घरी माणूस पाठवायची पद्धत त्या बाकावरून निघाली, असं आईंचं म्हणणं. मला तितकी खात्री नाही. नानांना विचारलं असतं तर म्हणाले असते, बायका स्टँडवर येऊन गर्दी करतात, त्यापेक्षा एक माणूस पाठवलेला परवडतो. दोन्ही खरं असू शकतं. त्यांनी आईंना याबद्दल कधी काही सांगितलं नाही एवढं मात्र नक्की.

आणि आईंनी हे सगळं गोड मानून घेतलं होतं असं कुणी समजू नये. एसटीतली भाषा त्यांना नानांइतकीच यायची, आणि त्या ती नानांवरच वापरायच्या. गाडी डेपोतून फलाटापर्यंत किंवा बंद पडलेल्या गाडीच्या जागेवर रिकामी जाते, तेव्हा जे अंतर पडतं त्याला डेड किलोमीटर म्हणतात. डिझेल जळतं, उत्पन्न शून्य. आई पाहुण्यांसमोर हसत हसत म्हणायच्या, "सगळ्या महाराष्ट्राला भरलेली गाडी, आणि माझ्या वाट्याला डेड किलोमीटर." पाहुणे हसायचे. नानाही हसायचे. आई हसून झाल्यावर आत निघून जायच्या. दोन बाळंतपणं, सासूचं आजारपण, मुलांच्या दहावी-बारावी, सगळं त्यांनी एकटीनं काढलं. नानांची व्यवस्था सगळीकडे असायची, औषध वेळेवर यायचं, डॉक्टरांना निरोप गेलेला असायचा, माणूस दारात हजर असायचा. फक्त ते स्वतः नसायचे.

३१ मे २००१ ला ते निवृत्त झाले. जन्मतारीख एक असली की नोकरी आदल्या दिवशी संपते. मे महिना, लग्नसराई टिपेला. निरोप समारंभ संध्याकाळी पाचला ठरला होता, तो रात्री दहाला झाला, कारण जादा गाड्या सोडण्यात सगळे गुंतलेले, आणि सोडणाऱ्यांत सत्कारमूर्ती पहिले. शाल, नारळ झालं. मग डेपोच्या पेंटरनं एक पाटी पुढे आणली. गाडीच्या काचेत लावतात तशीच, त्याच मापाची, त्याच अक्षरांत. मोठ्या अक्षरात 'घर'. खाली बारीक अक्षरात 'विनाथांबा'. नानांनी ती पाटी दोन्ही हातांनी धरली आणि उलटसुलट करून पाहिली. "रंग ओला आहे अजून," एवढंच म्हणाले. आईंनी ती स्वयंपाकघरात फडताळावर लावली. आहे अजून.

विनाथांबा काही जमलं नाही. निवृत्तीनंतर कराडला घर बांधलं, पण सकाळी आंघोळ करून पाय स्टँडकडेच. दुसऱ्याच्या कामात तोंड घालायचे नाहीत, हे त्यांचं मोठेपण म्हणा किंवा शिस्त म्हणा. कॅन्टीनला अर्धा कप चहा, कोपऱ्यातलं बाक, फलाटावर लागणाऱ्या गाड्या बघणं. निवृत्तांना तेव्हा वर्षातले काही महिने जोडीनं फिरायचा पास मिळायचा. त्यावर त्यांनी आईंना महाराष्ट्र दाखवला. म्हणजे महाराष्ट्राचे स्टँड दाखवले. आई चिडायच्या, "देव दाखवा म्हटलं तर फलाट दाखवतात." तुळजापूरला देवीचं दर्शन झालं, पण नानांना घरी येऊन सांगायचं होतं ते हे की तिथे गाड्या वळवायला जागा कशी काढली आहे. तरी आई गेल्या. प्रत्येक वेळी गेल्या. परत आल्या की पिशव्या खाली ठेवायच्या आधी मला म्हणायच्या, "पुढच्या वेळी मी नाही," आणि पुढच्या वेळी धपाटे बांधून तयार.

नातवंडांना त्यांनी गणित शिकवलं ते तिकिटांवर. त्यांच्याकडे जुना ट्रे होता, पंच होता, रद्दीतली तिकिटांची गड्डी होती. शेवटच्या तिकिटाच्या नंबरातून पहिल्याचा वजा करा, गुणिले दर, आता पैसे मोजा, जुळतात का? पोरं ओट्यावर ओळीनं बसायची, एक जण वाहक, बाकी प्रवासी. पंचाची टकटक दुपारभर. माझ्या मुलीचा हिशेब एकदा आठ आण्यांनी कमी आला, तर नानांनी तिला खिशातून आठ आणे भरायला लावले. ती रडली. आई म्हणाल्या, "पोर आहे." नाना म्हणाले, "वाहक आहे."

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा पूल वाहून गेला आणि त्यासोबत एसटीच्या दोन गाड्या, राजापूर-बोरिवली आणि जयगड-मुंबई. दुसऱ्या दिवशी सकाळपासून नाना टीव्हीसमोरून हलले नाहीत. चालक-वाहकांची नावं त्यांना आधी हवी होती. कुठल्या डेपोचे, घर कुठे, घरी कोण गेलंय. जुन्या सहकाऱ्यांना फोन लावत होते. "घरी माणूस गेला का?" हाच प्रश्न प्रत्येकाला. पलीकडच्याला वाटत असेल म्हाताऱ्याला भ्रम झाला आहे. टीव्हीवर सगळं दिसत असताना माणूस कशाला पाठवायचा? आई मात्र त्या दिवशी त्यांच्या शेजारी खुर्ची घेऊन बसून राहिल्या.

आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा तिथले आगार व्यवस्थापक डेपोची नऊ लाखांच्या आसपासची रोकड घेऊन गाडीच्या टपावर कित्येक तास बसून होते, ती बातमी आली. आपल्या जुन्या डेपोचं पाण्यातलं चित्र बघून नाना कासावीस झाले होते, पण टपाची बातमी वाचल्यावर वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाले, "टपावर नेली. बरोबर. कॅश डेपोच्या बाहेर न्यायची नसते." त्यांच्या आयुष्यात त्यांनी कुणाची केलेली एवढी मोठी स्तुती मी दुसरी ऐकली नाही.

२०२३ च्या अधिक श्रावणात ते गेले. आजारपण थोडक्यात झालं. अधिक महिना, म्हणजे लग्नं नाहीत, आषाढी होऊन गेलेली, गणपतीला वेळ. नवरा म्हणाला, "सीझन नसताना गेले." दीर म्हणाला, "चौकशी करूनच गेले असतील." आम्ही हसलो, मग कुणालाच पुढे काही बोलता येईना.

दहाव्याला गावोगावचे पाहुणे एसटीनंच आले. मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट झालेलं, पासष्टीच्या पुढच्यांना आधीपासून अर्धं, पंचाहत्तरीच्या पुढे फुकट. तरणी माणसं आपापल्या मोटारसायकलींवर. म्हणजे आलेल्यांत पूर्ण तिकीट काढलेले शोधावे लागले असते. माझी मुलगी म्हणाली, "आजोबांनी उत्पन्नाचं विचारलं असतं." आईंनी ऐकलं आणि लगेच उत्तर दिलं, "पण भारमान बघ की."

डायरी कुणी ठेवायची यावर दोन्ही भावांत थोडी ओढाताण झाली. आईंनी ती माझ्याकडे दिली. चपलांचे नंबर आता मी लिहिते, जुना एका रेघेनं खोडून, खाली तारीख घालून.

दिराच्या मुलीचं लग्न वर्षाच्या आत करायचं ठरलं, मार्गशीर्षातला मुहूर्त निघाला. नवऱ्यानं फूलस्केप कागद आणला, मी पट्टीनं रेघा मारल्या. स्टँडवर कोण, पंगतीला कोण, आहेर कोण लिहून घेणार, सगळं भरत आलं आणि नेहमीप्रमाणे शेवटच्या ओळीवर गाडी अडकली. स्पेअर कोण? तीन भाच्यांनी हात वर केले. आवाज चढले. आई आतून ओल्या हातांनी बाहेर आल्या, पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "माझं नाव लिही. ह्या वेळी मी बसणार, नुसती." मी लाल पेन उघडलं.